कार्डावरची आई

पेतित-आंस, न्यू ब्रन्सविक
४ ऑक्टोबर २०१७

चि. लेओनास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला तो बोटांमुळे. थंडी लागली की ती आखडतात आणि सिस्टर क्लोथिल्दने छडीच्या धाकाने घोटून घेतलेलं माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं उमटतं. त्या असत्या तर पुन्हा लिही म्हणाल्या असत्या.

गावची बातमी अशी की शेजारच्या झेलियाचा ईमेल कोणीतरी फोडला. तिच्या नावाने चर्चच्या सगळ्या पॅरिशला बायकांच्या आतल्या कपड्यांच्या जाहिराती गेल्या. फादर रविवारी तिच्याकडे बघायलाच तयार नव्हते. मी हसले, पण मग कळलं की तिची जुनी पत्रं सगळी पुसली गेलीत. तिची वारलेली मुलगी लिहायची तीसुद्धा. झेलिया दोन दिवस पडदे उघडत नव्हती.

तेव्हापासून मला घोर लागलाय. आल्सीदने मंक्टनच्या हॉस्पिटलातून शेवटचे तीन महिने रोज लिहिलेलं सगळं त्याच डबड्यात आहे. तू वाचनालयात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतेस, मग आपल्या म्हातारीलाही शिकव. मुलगा म्हणून रेमीला विचारलं तर तो कॉम्प्युटर सोडून घराचाच विषय काढतो. मी एकटी राहू नये म्हणे, वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे म्हणे. मी त्याला सांगितलंय की या घरातून मला न्यायचं तर आडवी करून न्यावं लागेल.

तुझी आठवण काढणारी,
ओडिल

विनिपेग
१५ ऑक्टोबर

ती. ओडिलताईस,
सा. न. वि. वि.

झेलियाचं वाचून वाईट वाटलं. तुझ्यासाठी खाली लिहिते ते सावकाश कर, घाई करू नकोस.

आधी आल्सीदभावजींची पत्रं छापून घे. कागदाला कोणी फोडू शकत नाही. मग पासवर्ड बदल. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घे आणि ओळीने लिही. तुला ते लक्षात राहतील, चोराला सुचणार नाहीत. कार्डावर लिहून तुझ्या पाककृतींच्या डब्यात वामाच्या कालवणाच्या कार्डामागे ठेव. आपल्या घरात ते कार्ड कोणी हातात घेणार नाही, खात्री बाळग.

आता मुख्य गोष्ट. पासवर्ड विसरलं तर कॉम्प्युटर प्रश्न विचारतो. आईचं नाव काय, पहिली शाळा कोणती, जन्म कोणत्या महिन्यातला. झेलिया तिथेच फसली असणार. आपल्या आईचं फिलोमेन हे नाव चर्चमागच्या दगडावर हातभर अक्षरांत कोरलंय, येणारा जाणारा वाचतो. म्हणून ताई, तिथे धडधडीत खोटं सांगायचं. वेगळी आई बनव, वेगळी शाळा बनव. तीही कार्डावर लिही आणि पाठ कर. आणि असले प्रश्न पुढे कोणीही विचारले, कितीही गोड बोलून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, तरी खरं सांगायचं नाही. भामटे पहिल्यांदा हेच म्हणतात की आमच्यावर विश्वास ठेवा. खोटं बोलल्याबद्दल आपण छड्या खाल्ल्या, आता वसूल करून घे.

हे फोनवर बोलायचं नाही, ईमेलवर लिहायचं नाही. फक्त टपाल. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तुझा लोभ आहे तसाच उबदार राहो.
लेओना

पेतित-आंस
२ नोव्हेंबर

चि. लेओनास,
अ. उ. आ.

आज मृतांचा दिवस. सकाळी कबरींवर जाऊन आले. आईच्या दगडापुढे उभी राहिले तेव्हा लाज वाटली, कारण गेल्याच आठवड्यात मी दुसरी आई केली होती. तिचं नाव झेनोबी. लुइझियानाची, मोठी टोपी घालणारी, घरकामाचा तिटकारा असलेली. शाळा बॉस्टनची, तिथे पितळी वाद्यांचा बँड. मला मजा यायला लागली म्हणून मी थांबले. फादरना कबुलीत सांगितलं तर ते म्हणाले की यंत्राशी खोटं बोलणं पाप आहे की नाही हे वर विचारून सांगावं लागेल.

कणीक मळताना मी उत्तरं घोकते. आई झेनोबी, शाळा बॉस्टन, जन्म ऑगस्ट. परवा घोकता घोकता कोंबडीचं फ्रिको करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं. नेमका रेमी आला. त्याने पातेलं नळाखाली धरलं आणि काही बोलला नाही. मला त्याची बडबड परवडते, हे परवडत नाही. जानेवारीत एक परिचारिका येऊन मला बघणार आहे. मी घरात राहू शकते की नाही ते ती ठरवणार. या खिडकीतून मी पन्नास वर्षं समुद्र बघितलाय, आणि ठरवणार ती.

तुझं पत्र सांगितल्याप्रमाणे जाळलं.

ओडिलचे आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

विनिपेग
२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झेनोबीबाईंना माझा नमस्कार सांग. वर्गात मी तुझं उदाहरण दिलं, नाव न सांगता. सगळी पांढरी डोकी खूश झाली.

पातेली माझीही करपतात. रेमी मनाने चांगला आहे, फक्त घाबरट आहे, आल्सीदभावजींसारखा. परिचारिकेची धास्ती घेऊ नकोस. निळा स्वेटर घाल, ताठ बस आणि शिकवलंय तशी उत्तरं दे. आपण कॉन्व्हेंटच्या मुली. परीक्षेत आपल्याला कोणी हरवलेलं नाही.

माया कमी करू नकोस.
लेओना

पेतित-आंस
१६ जानेवारी २०१८

चि. लेओनास,
अ. उ. आ.

परीक्षा झाली! निळा स्वेटर घातला होता. परिचारिका तरुण, गोड, गळ्यात ओळखपत्र. मांडीवर छोटा कॉम्प्युटर घेऊन बसली आणि मी बोलेन ते त्यात टाइप करायला लागली. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. थोडं हवापाण्याचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं की आईचं नाव काय. मी म्हटलं झेनोबी. शाळा कुठली, तर बॉस्टन. जन्म ऑगस्टचा. रेमी मध्येच बोलायला गेला, तिने हात वर करून त्याला गप्प केलं. मग तिने तेच प्रश्न फिरवून विचारले. मी तसूभर हलले नाही. एकही खरं उत्तर तिच्या हाती लागू दिलं नाही, लेओना. तुला अभिमान वाटेल.

ती गेल्यावर रेमी गाडीत जाऊन बसला. तासभर तिथेच होता, गाडी सुरू न करता. मी खिडकीतून हात केला, त्याने बघितलं नाही.

अगं, सांगायचं राहिलं. शेजारच्या झेलियाचा ईमेल कोणीतरी फोडला. सगळ्या पॅरिशला जाहिराती गेल्या. तू जपून राहा.

तुझी हुशार बहीण,
ओडिल

विनिपेग
२७ जानेवारी

चि. रेमीस,
अ. उ. आ.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. तुझ्या आईने परिचारिकेला दिलेली उत्तरं मी शिकवलेली आहेत. कॉम्प्युटरच्या प्रश्नांना खोटी उत्तरं द्यायची, कोणी कितीही गोड बोललं तरी खरं सांगायचं नाही, हे मी लिहून पाठवलं होतं. परिचारिका येणार हे कळल्यावरही शिकवलंय तशी उत्तरं दे असंच मी लिहिलं. तिने अक्षरशः पाळलं. ती लहानपणापासून तशीच आहे. सिस्टर क्लोथिल्दने एकदा गमतीत भिंतीकडे तोंड करून उभं राहा म्हटलं आणि विसरून गेल्या. ही संध्याकाळपर्यंत उभी होती.

तिचं डोकं ठिकाणावर आहे. परिचारिकेला हे पत्र दाखव आणि परीक्षा पुन्हा घ्यायला लाव. चूक माझी आहे. शिक्षा तिच्या घराला होऊ नये.

मावशीची विनवणी मनावर घे.
लेओना

पेतित-आंस
९ फेब्रुवारी

ती. लेओना मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दाखवलं. परिचारिका भली आहे, ती पुन्हा आली. आईला आधी नीट समजावलं की या खेपेला सगळं खरं सांगायचं आहे, आमच्यावर विश्वास ठेव. ते ऐकताच आई हसली. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी पकडला गेलो होतो, आणि म्हणाली की झेनोबी. मी हात जोडले. आजीचं नाव मी स्वतः घेतलं. ती म्हणाली की तू त्यांच्या बाजूचा दिसतोस.

मावशी, ती तुझं ऐकत होती की तिला आठवत नव्हतं, हे मला सांगता येत नाही. परिचारिकेलाही सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही, तोवर तिला गॅसजवळ एकटं ठेवता येत नाही. गेल्या महिन्यात दोनदा शेगडी रात्रभर चालू होती. तुला मी कळवलं नव्हतं. तू तिचीच बाजू घेतली असतीस.

सोमवारी तिला वृद्धाश्रमात नेलं. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली. पाककृतींचा डबा मांडीवर होता. मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

खरं काय ते फक्त तूच काढून घेऊ शकशील. तुझ्याशी ती खोटं बोलणार नाही.

रेमी

विनिपेग
२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोली कशी आहे, खिडकी आहे का, जेवणात मीठ घालतात का, सगळं कळव. बर्फ वितळलं की मी येते. तिकीट काढलंय.

ताई, आता तो खेळ संपला. मी शिकवला, मीच संपवते. कोणाला नाही, फक्त मला, आणि कागदावरच, लिहून पाठव. आपल्या आईचं नाव काय होतं? एक शब्द पुरे. तो हातात आला की मी इथून अशी भांडेन की त्यांना तुला घरी सोडावंच लागेल.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.
तुझी लेओना

११ मार्च

पत्र लिहिणाऱ्या बाईस,
स. न. वि. वि.

आशीर्वाद लिहिलेला नाही. तो माझ्या बहिणीसाठी राखून ठेवलाय.

खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून गाड्या दिसतात. मीठ घालत नाहीत. एवढं सांगायला हरकत नाही, ते कोणालाही कळेल.

तुम्ही अक्षर अगदी लेओनाचं काढलंत. कॉन्व्हेंटचं वळण, शेवटच्या अक्षराला तसाच फाटा. पण लेओनाने मला हा प्रश्न विचारला नसता. तिनेच मला बजावलं होतं की कितीही गोड बोलून कोणी विचारलं तरी सांगायचं नाही. तेव्हा सांगणार नाही.

तरी दोन रात्री तुमचं हे पत्र माझ्या उशाखाली आहे. तुम्ही खऱ्या असाल तर मी मोठी चूक करतेय, म्हणून एक गोष्ट लिहिते. डब्यात वामाच्या कार्डामागे बघितलं. तिथे एकच नाव सापडलं, झेनोबी. हे आपण बनवलेलं आहे एवढं मला पक्कं माहीत आहे. दुसरं एक होतं. ते इतकं आपलं होतं की लिहून ठेवावंसं वाटलं नाही. ज्या पत्रात ते होतं ते मी सांगितल्याप्रमाणे जाळलं. रेमी काहीतरी नाव सांगतो, पण तो त्यांच्या बाजूचा आहे.

तुम्ही लेओना असाल तर ते तुम्हाला माहीत असेल. फोनवर सांगू नका. कार्डावर लिहून टपालाने पाठवा, मोठ्या अक्षरात. मी ते त्या कार्डाच्या पुढे ठेवीन आणि रोज सकाळी पाठ करीन. लेओना असाल तर लोभ आहेच, तो विचारावा लागत नाही.

ओडिल
(हे माझं खरं नाव आहे.)