मशीन थोरल्या जाऊबाईंना

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी विधवा बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. जिभेची चव गेली आहे व डोक्यावर केस नाहीत, पण कायद्याला या दोन्हींची गरज नसते, असे वकिलांना विचारून घेतले आहे.

हे आत्ताच का, तर माझे कर्करोगाचे निम्मे उपचार झाले आहेत आणि सोमवारी पुढचा डोस आहे. तो घ्यायचा नाही, असे मी जवळजवळ ठरवले आहे. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडते आहे. पडत असेल. मी दमले आहे.

कलम १. राहते घर मुलीला. ती परगावी असते आणि रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवते. तिच्यासमोर मी टोपी घालून ठणठणीत बसते आणि फोन ठेवला की आडवी होते. हे तिला इथे प्रथमच कळेल, तरी रागावू नये. रडायचे असेल तर रडावे, पण आधी गॅस बंद आहे ना ते बघावे.

कलम २. कपाटावरचे सुती टोप्यांचे गाठोडे रुग्णालयातल्या मदतगटाला. तिथे खुर्च्या गोल मांडतात आणि मन मोकळे करायला सांगतात. मी दोनदा गेले. माझी पाळी आली की मला समुपदेशक बाईंच्या कोटाची, चुकीची शिवल्याने खांद्यात ओढली जाणारी उजवी बाहीच दिसे आणि मी म्हणे, "माझं सगळं छान चाललंय." माणसे भली आहेत, मलाच अनोळखी लोकांत तोंड उघडता येत नाही. टोप्यांची शिवण मुद्दाम बाहेरून घेतली आहे, कारण केस गेले की आतली शिवण टाळूला टोचते. उलट्या शिवल्यात म्हणून परत पाठवू नयेत. बाई सापडल्यास बाहीही कोणीतरी उसवून नीट लावून द्यावी.

कलम ३. शिलाई मशीन. याला जरा जागा लागेल.

हे मशीन माझ्या सासूबाईंचे. थोरली सून म्हणून ते आपल्याला मिळावे, असे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंचे म्हणणे होते. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण थोरलेपण येते. सासूबाईंनी मशीन मला दिले आणि त्या दिवसापासून आमचा अबोला आहे. अबोला म्हणजे आम्ही बोलत नाही असे नव्हे. भरपूर बोलतो, फक्त एकमेकींशी नाही. "तिला सांग, दूध उतू चाललंय," असे त्या माझ्या मुलीला सांगायच्या आणि मी म्हणायचे, "त्यांना सांग, मला डोळे आहेत." मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा हे काम मांजराकडे आले.

पहिल्या डोसला मी एकटीच निघाले होते. खाली आले तर जाऊबाई थर्मास घेऊन मी बोलावलेल्या गाडीत बसलेल्या. रुग्णालयात मांजर नव्हते, सलाइनचा स्टँड होता. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "विचार तिला, मळमळतंय का?" मी स्टँडला म्हटले, "सांग, मळमळतंय."

तिथून सुरुवात झाली. मला भीती वाटते, आरशात बघवत नाही, मुलगी पुन्हा येईल तेव्हा मी असेन की नाही कळत नाही, हे सगळे मी त्या लोखंडी दांड्याला सांगितले. पलीकडे जाऊबाई ऐकत होत्या. उत्तरही स्टँडलाच देत होत्या. "तिला म्हणावं, घाबर खुशाल. मी बसलेय इथं." कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नव्हते, म्हणून बोलता आले. नर्सने विचारले, "तुम्ही दोघी भांडलात का हो?" जाऊबाई म्हणाल्या, "छे! आमचं बोलणंच नाही."

त्या एकाही डोसला चुकल्या नाहीत. सबब मशीन त्यांना द्यावे. त्यांनी ते चालवायला जाऊ नये, बोटे सांभाळावीत. नुसते ठेवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवावे. मागच्या खेपेला मी स्टँडला हेही सांगितले, की आता पुरे, सोमवारी यायचे नाही. त्यावर त्या थर्मासचे झाकण लावत बसल्या.

कलम ४. साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे औषधवाले आणि समोरचे इस्त्रीवाले यांनी सही करावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाल्यास त्याचे मिळायचे ते बुडते, असे वकिलांनी बजावले आहे. बजावताना जाऊबाई चहा घेऊन वर आल्या होत्या, त्यांनीही ऐकले.

सह्या होतानाची नोंद:

सर्व मजकूर मी वकील, दोन्ही साक्षीदार आणि जाऊबाई यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला. सही केली. औषधवाल्यांनी केली. इस्त्रीवाल्यांना इस्त्री तापत राहिल्याची आठवण झाली आणि ते धावत गेले. तेवढ्यात जाऊबाईंनी पेन उचलले आणि त्यांच्या जागेवर सही ठोकली. वकील ओरडले, "अहो, मशीन बुडालं तुमचं!"

"कळतं मला," जाऊबाई म्हणाल्या. मग वळून, सरळ माझ्याकडे बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "मेल्यावर मिळणारं मशीन मला नको. तुझं तूच चालव. सोमवारी आठला खाली ये."

मी मांजराकडे बघितले. ते झोपले होते. मलाच बोलावे लागले.

"येते, जाऊबाई," मी म्हटले.

तरी कलम ३ रद्द समजावे. मशीन तूर्त माझ्याकडेच राहील.

सही: शिवणकामवाली, धाकटी सून
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचे औषधवाले
२. थोरली जाऊ (सही शाई फुटेपर्यंत दाबून केली आहे)
ठिकाण: माझे कापड कापायचे टेबल
दिनांक: डोसच्या आधीचा शनिवार