अस्तीची बाटली

१२ मार्च १९८४, गडचिरोली

बाटली माझ्या तांदळाच्या पिपात आहे. लपवलीच! आयुष्यभर वॉर्डातल्या चोऱ्या पकडल्या आणि आता मेट्रनबाई स्वतःच चोर!

मिशनमधल्या माझ्या जुन्या शिक्षिका, सिस्टर पाओलिना, झोपल्या होत्या, म्हणून इटलीहून आलेल्या फादरनं ही वाइनची बाटली माझ्या हाती दिली. सिस्टरांच्या तिकडच्या भाच्यानं पाठवलेली. सोबत चिठ्ठी — 'मावशी, आपल्या टेकडीची आहे. चव घे आणि घरी ये.' लबाड! मावशीनं ऐंशी गाठली, अंथरूण धरलं, तेव्हा याला आठवण झाली! जायचं की नाही, रविवारपर्यंत कळवायचंय. सिस्टरांचं अजून ठरत नाही.

एक घोट घेतला की त्या जातील. मला ठाऊक आहे.

१३ मार्च

लेबल वाचलं. बार्बेरा द'अस्ती. मागे सिस्टरांनीच सांगितलं होतं — अस्तीच्या टेकड्यांवरची द्राक्षं नसतील तर बाटलीवर हे नाव घालता येत नाही. कायदाच आहे. आणि आमच्या बाजारात? कसलाही जाडाभरडा तांदूळ 'सुवासिक चिन्नोर घ्या बाई' म्हणून गळ्यात मारतात!

माझ्याकडे कामाला असलेल्या गिरजानं स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाटली पाहिली. "बाई, तांदळात दारू काऊन ठेवली?"

खरं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्या गावच्या मोहाच्या दारूची चव दुसऱ्या गावाले येते का? ज्याच्या गावची त्याले द्या ना. एवढ्या शिकल्या तुमी!"

तिला हाकललं. तांदूळ मीच निवडले.

१५ मार्च

झोप नाही.

शाळेत माझ्या पेल्याला कुणी शिवत नसे. सिस्टर एके दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याच पेल्यानं पाणी प्यायल्या. गटागटा. मग पदार्थविज्ञान शिकवायला लागल्या, जणू काही झालंच नाही. त्या बाईपासून मी एक बाटली लपवते आहे!

१६ मार्च

दिली.

गिरजाला घेऊन मिशनवर गेले, अंगणात खुर्चीत बसवलं सिस्टरांना. पेला ओठांशी नेणार, तोच गिरजा ओरडली, "थांबा, सिस्टरबाई! आदी तुमच्या गावच्या मेलेल्या मानसांले!" आणि पेला हातातून घेऊन चांगली धार मातीत सोडली. गिरजाच्या गावी मोहाची पहिली धार अशीच पूर्वजांना देतात. मी कडाडले, "अगं, इटलीची आहे ती!"

सिस्टर जमिनीवरच्या त्या लाल डागाकडे बघत होत्या. "गिरजा, माझी आई तिकडे मातीत आहे. इथून तिला पोचेल?"

"इथून कसं पोचन? तिची माती तिथी. तिथीच जाऊन द्या लागते." मग माझं तोंड बघून तिनं जीभ चावली.

सिस्टरांनी उरलेला घोट घेतला. डोळे मिटले.

१७ मार्च

सिस्टरांना आता लिहवत नाही. पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं — भाच्याला, होकाराचं. रोमन अक्षरं शाळेत त्यांनीच माझ्याकडून गिरवून घेतलेली. मी एकही वाकडं जाऊ दिलं नाही.