‘मंडळी’ म्हणजे भास नव्हे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सुबोधिनी धर्मादाय रुग्णालय, चिंचवड

विषय : पूर्ण भूल उतरताना वृद्ध रुग्णाचा मेंदू जपण्याबाबत व त्याचे बोलणे नीट ऐकून घेण्याबाबत.

संदर्भ : श्री. दौलतराव भोईटे, वय ७४. उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया, गुरुवार दि. १३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

मी वरील रुग्णाची पत्नी, राहणार कासारवाडी. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षे आवक-जावक सांभाळली असल्याने शिक्का मारून बाजूला ठेवलेल्या अर्जाचे पुढे काय होते, हे मला चांगले ठाऊक आहे. हा अर्ज कृपया परवाच्या आत वाचावा.

१. डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया मागील ऑगस्टात, गुरुवारीच झाली. भूल उतरली तेव्हा यजमानांचा चष्मा व कानाचे यंत्र कपाटात कुलूपबंद होते. निवासी डॉक्टरांनी मोठ्याने वार विचारला. यजमान म्हणाले, "सुट्टीचा." कागदावर ‘रविवार समजतात’ अशी नोंद झाली. तेहतीस वर्षे भोसरी एमआयडीसीत काढलेल्या माणसाची सुट्टी गुरुवारी असते, साहेब. उत्तर बरोबर होते.

२. मग दारात कोण आहे, असे विचारले. दारात मी एकटी होते. ते म्हणाले, "आमच्या मंडळी आल्यात." डॉक्टर तरुण, परप्रांतातले. त्यांनी ‘रुग्णास माणसांचा घोळका दिसतो’ असे लिहिले. अहो, मंडळी म्हणजे बायको, हे मी ओरडून सांगत होते. मलाच बाहेर काढले. यजमान उठू लागले म्हणून हात बांधले आणि झोपेचे इंजेक्शन दिले.

३. त्यानंतर मात्र ते खरोखरच हरवले. तीन आठवडे मला विचारत, बाई, आपण कोणाकडे आलात? बोटाने चाचपून पत्र्याची जाडी सांगणाऱ्या माणसाला शर्टाची बटणे लावता येईनात. हे भुलीमुळे की इंजेक्शनामुळे, ते मी ठरवू शकत नाही. आता बरेचसे परत आले आहेत. दुसऱ्यांदा येतील का, हे कोणीच सांगत नाही. मला फार भीती वाटते.

४. तरी मेंदूवर लक्ष ठेवणारे यंत्र लावून भूल गरजेपुरतीच द्यावी. डोळे उघडताच चष्मा व कानाचे यंत्र द्यावे. मला शेजारी बसू द्यावे. मी मध्ये बोलणार नाही. ते गडबडलेच, तर इंजेक्शनाआधी मला विचारावे.

५. आमची मुलगी अंजली म्हणाली, घोळच नको, बाबांना तुझे नाव घ्यायला शिकव. लग्नातल्या उखाण्यानंतर सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी ते घेतलेले नाही. आठ दिवस चहाच्या वेळी सराव घेतला. काल कपाकडे बघत कसेबसे "विजयश्री" म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. तो सराव मी बंद केला आहे.

सबब, शुद्धीवर आल्यावर ते मला मंडळी म्हणाले, तर सर्व ठीक समजावे. नावाने हाक मारली, तर मात्र मोठ्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

आपली नम्र,
विजयश्री दौलतराव भोईटे
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) मागील डिस्चार्ज कार्डाची प्रत
२) कानाच्या यंत्राचे दोन जादा सेल
३) अर्जदार स्वतः, आपल्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर