उरलेली बाही

धाकटे, ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी आली खालच्या मजल्यावरची नर्सबाई, मागून धापा टाकत तिची सासू. मुलाकडे येऊन महिना झाला, दुपारची बेल पहिल्यांदाच वाजली बघ! मला वाटलं शिट्टीच झाली, मी आपली कुकर बघायला धावले.

मुलगा-सून फार जपतात हो मला. सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दुपारी घर जरा खायला उठतं, एवढंच.

नातवाच्या स्वेटरची पाठ, पुढा, बाह्या पलंगावर सुट्या पडलेल्या. आपल्याकडे विणायचं मी आणि जोडायचं तू, इथे कोण जोडणार? नर्सबाईच्या सासूबाई म्हणाल्या, "विणलंय झकास, पण पोरगा असे तुकडे-तुकडे घालणार का?" हसून पोट दुखलं. मग दोघींनी खांदे जोडले, एक बाही लावली आणि मला टाका शिकवला.

तुला म्हणून सांगते, मला तो लगेच जमला. पण म्हटलं, "छे गं बाई, दुसरी बाही मला एकटीला नाही जमायची."

तुझे गुडघे कसे आहेत? दुपारी तुझ्याकडे येतं का गं कुणी?

बाही उशाशी ठेवलीय, हात लावत नाही. गुरुवारी चारला येतो म्हणाल्यात.

तुझीच,
ताई