शेळी कधी येणार?

४ फेब्रुवारी
गेम बाहेर काढायची तारीख पुन्हा पुढे ढकलली. निरोप मीच लिहिला – दादा लिहीत नाही. 'तांत्रिक अडचणींमुळे' वगैरे वगैरे. कसल्या अडचणी, मला तरी कुठे माहीत आहेत? गेमचा प्रोग्राम त्याचा, चित्रं माझी, आणि माफी मागायची तीही मीच.

डोंगरात हरवलेली शेळी शोधायला निघालेली मुलगी – एवढीच गोष्ट. माझी दोन चित्रं इंटरनेटवर बघून अनोळखी लोकांनी गेमसाठी आगाऊ वर्गणी दिली. नुसत्या विश्वासावर!

५ फेब्रुवारी
निरोपाखाली एकाने लिहिलंय : 'शेळी एव्हाना म्हातारी होऊन मेली असेल.' आधी हसले. मग रडूच आलं.

१९ फेब्रुवारी
दादा म्हणतो, झाडं परत काढ.
'काय वाईट आहे त्यांच्यात?'
'पानं हलताना खोटी वाटतात.'
मागच्या वेळी दगड खोटे होते. त्याआधी ढग. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, 'बाई गं, उद्या म्हणतील मीच खोटी वाटते!' तिघंही हसलो. दादा हसता हसताच थांबला, खोलीत गेला. दार लावून घेतलं.

झाडं काढतेय.

२ मार्च
गेमचा संगीतवाला सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. बाळ झालंय, पगाराची नोकरी मिळालीय – जाईल नाहीतर काय करेल? जिन्यात मला म्हणाला, 'माझं काम कधीच देऊन झालंय. तो अजून काय शोधतोय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.'

३ मार्च
आज निरोपाखाली लोक चोर म्हणाले. मला! 'ही बाई आमच्या पैशांवर मजा मारतेय.' मजा! कोपर फाटलेला स्वेटर घालून बसलेय.

दादाला वाचून दाखवलं. म्हणतो कसा, 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.'
भडकलेच. 'कुणाला खायला तरी कुठे दिलीयस अजून!'
त्याचा चेहरा एवढासा झाला. बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

२१ मार्च
एक नर्सबाई आहेत – प्रत्येक निरोपाखाली लिहायच्या, 'घाई नको, तब्येत सांभाळा.' शिव्यांपेक्षा त्यांचंच जास्त लागायचं. आज लिहिलंय, 'पैसे परत नकोत. वाट बघायचंही त्राण नाही आता. एवढंच सांगा – शेळी सापडते का?'

उत्तर द्यायला बसले आणि हात थांबला. मला माहीतच नाही! चित्रं काढली ती सुटी सुटी – झोपलेली शेळी, धावणारी, चिखलात रुतलेली. त्यातलं शेवटचं कोणतं? शेवट दादाने कधी दाखवलाच नाही. 'अजून व्हायचाय' म्हणतो.

२२ मार्च
दादा-वहिनी तिच्या माहेरी गेले होते. म्हटलं, निदान गेम किती झालाय ते तरी बघू. त्याच्या कॉम्प्युटरवर खेळायला बसले. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. कुठेच अडला नाही! पानं हलत होती – अगदी झाडांसारखीच. शेळी सापडली. मुलगी तिच्या गळ्यात पडून अशी रडते, की चित्र माझंच असून मला हुंदका आला. मग नावं आली : संगीतवाल्याचं, वहिनीचं, माझं.

पूर्ण आहे. अख्खा गेम पूर्ण आहे!

मागे वळले तर दादा दारात. पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या.
'कधीपासून?'
'वर्ष होत आलं.'
'आणि मी इथे शिव्या खातेय!'
'झाला नाही म्हटलं की लोक नुसते चिडतात गं. झाला म्हटलं की खेळून बघतात. आणि खोटा वाटला तर?'
ओरडायचं ठरवलं होतं. खुर्ची ओढून दिली, म्हटलं, 'बस.'

२३ मार्च
गेम सगळ्यांना पाठवायचं बटण समोर, आणि सकाळपासून आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे, 'तू दाब', 'नाही, तू दाब'! वहिनी आतून आली, ओले हात पदराला पुसले आणि बटण दाबून मोकळी झाली.
'गेला,' म्हणाली. 'आता जेवायला चला.'