ढमढेरे आडनावाला पेलेल असं नाव

२ डिसेंबर, सोमवार

‘ईरा ढमढेरे’ बाद! बाबांनी सकाळी गच्चीत उभं राहून मोठ्यानं म्हणून बघितलं आणि खाली येऊन निकाल दिला — “ईरा कळतच नाही. नुसतं ढमढेरेच ऐकू येतं.” सासरे विमा कंपनीतून रिटायर झाले, पण घरात शेवटची सही अजून त्यांचीच लागते.

महिना उलटला, पोरगी अजून नुसती ‘बाळ’च. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बारसं. सांगलीला माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बाळंतपण इथंच सासरी, या हिंदी मुलखात, प्रताप नगरच्या घरात. डिंकाचे लाडू खाऊन माझाच लाडू झालाय.

मला छोटी नावं आवडतात. सई, रेवा, ईरा. बाबांचं म्हणणं, आडनाव वजनदार आहे, नावाला ते पेललं पाहिजे. मी माहेरची लेले. लेलेंना काय, कुठलंही नाव लावा, बसतंय!

४ डिसेंबर

मृण्मयी तन्मय ढमढेरे. तन्मयनंच सुचवलं आणि म्हणताना स्वतःच अडखळला. बापालाच जमत नाही तर इथल्या मास्तरांना काय जमणार? बाद.

६ डिसेंबर, शुक्रवार

शेजारच्या पारीक आंटी बाळाला लोकरीची टोपी घेऊन आल्या. “नाम तो बुआ ही रखेगी ना? आपके यहाँ भी?” म्हटलं हो, आमच्यातही आत्याच ठेवते. “तो बुआ कहाँ रहती है?”

झालं! बाबांनी पेपर वर धरला. आई, म्हणजे सासूबाई, “चहा टाकते” म्हणून आत. आंटींचा चहा आधीच पिऊन झाला होता.

आत्या आहे की. उत्कर्षा, तन्मयची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. राहते कुठं, तर याच शहरात, मानसरोवरला! रिक्षानं जाऊन यावं इतकी जवळ. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिनं इथल्याच एका मुलाशी लग्न केलं. बरोबरच शिकलेला महेंद्र. बाबा लग्नाला गेले नाहीत, कुणाला जाऊही दिलं नाही. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य — “तिनं घर सोडलं, आडनाव टाकलं. विषय संपला.” तन्मय गाडी धुवायच्या निमित्तानं खाली जाऊन तिच्याशी फोनवर बोलतो. आई देवळातून बोलतात. बाबांना माहीत नाही असं दोघांना वाटतं, आणि मला वाटतं त्यांना सगळं माहीत आहे.

मी तिला अजून बघितलेलंही नाही. बारशाला पुण्याहून चुलत नणंद येणार, ज्ञानदा. आत्या म्हणून तीच उभी राहणार.

संध्याकाळी बाळाला शेकताना आई म्हणाल्या, “एवढी कशाला घासाघीस करताय? मुलीच्या जातीला आडनाव काय जन्माला पुरणार आहे का?” मला असा राग आला! पण बाळ त्यांच्या मांडीवर इतकं सुखात होतं, काय बोलणार.

९ डिसेंबर, सोमवार

आज बाळाला लस. पोरगी किंचाळली आणि मीही रडले. परत येताना तन्मयनं गाडी भलतीकडेच वळवली. “मतलब… दहा मिनिटं. तिला बाळ बघायचंय.”

मानसरोवरात एका मिठाईच्या दुकानाच्या वर उत्कर्षाचा दवाखाना. जिन्याशी ही भली मोठी पाटी — डॉ. उत्कर्षा उमाकांत ढमढेरे, दंत चिकित्सक. मी पायरीवर थांबून दोनदा वाचली. इथं मधे वडिलांचं नाव कुणी लावत नाही. हिनं लावलंय! अख्खं!

हुबेहूब बाबांचं नाक. मला म्हणाली, “ये वहिनी,” जशी काही रोज भेटते. बाळाला घेतलं ते खाली ठेवेचना. मला राहवलं नाही, पाटीचं विचारलंच. “पेशंट डमडेरे मॅडम म्हणतात, म्हणू देत. महेंद्र म्हणाला होता, थोडं छोटं कर. म्हटलं, एवढं राहू दे मला.” मग हसून, “नाव ठरलं? बाबा गच्चीत जाऊन ओरडून बघत असतील ना? माझ्या वेळी पण बघितलं होतं म्हणे. उत्कर्षा त्यांनीच शोधलं.”

बारशाला ये म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. तन्मय खिडकीबाहेर बघत होता. भित्रा! मीही काही बोलले नाही, म्हणजे मीही तसलीच. गाडीत आम्ही भांडलो.

१० डिसेंबर

गार्गी. गार्गी तन्मय ढमढेरे. बाबा गच्चीतून खूश होऊन उतरले — “बघ, आडनावाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं!” खरंच राहतं. मीही न्हाणीघरात म्हणून बघितलं, छान वाटलं. मला त्यांचं पटावं याचाच राग येतोय.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज जेवताना बोलून गेले.

बाबा ज्ञानदाच्या गाडीची वेळ सांगत होते. तन्मय मान खाली घालून भात कालवत होता. मी विचारलं, चुलत आत्या कशाला, सख्खी इथंच असताना? बाबा म्हणाले, “ज्ञानदा आपल्यातली आहे. आणि ती अजून ढमढेरे आहे.”

“मग उत्कर्षाही ढमढेरेच आहे!” माझा आवाज चढलाच. “नुसती ढमढेरे नाही. उत्कर्षा उमाकांत ढमढेरे. जिन्याशी पाटी आहे, मानसरोवरात कुणीही वाचावी. तुम्हीच तेवढी वाचली नाहीत.”

तन्मयचा घास हातातच. आई माझ्याकडे बघताहेत. बाबांनी ताटातच हात धुतला, उठले आणि खोलीत जाऊन दार लावलं. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आईंनी मला रागवायला हवं होतं. त्यांनी माझ्या वाटीत आणखी तूप वाढलं. वर म्हणाल्या, “उमाकांतसुद्धा लिहिलंय?” हो म्हटलं. मग त्या ओट्याशी पाठ करून रडल्या.

मला भीती वाटतेय. बारसं मोडलं तर खापर माझ्याच डोक्यावर. पण बोलले ते खोटं नव्हतं.

१३ डिसेंबर, सकाळ

बाबा न जेवता, कुणाशी न बोलता स्कूटर काढून गेले. फोन घरीच.

१३ डिसेंबर, संध्याकाळ

बाबा आले. उजव्या गालात कापूस, बोलणं धड समजेना. “दाढ काढली,” म्हणाले.

आई म्हणाल्या, “तुमची दाढ कधी दुखत होती?”

“दुखत नव्हती. पण पाटीवर माझं नाव होतं, म्हणून आत गेलो. तिनं बघितली, तर आतून किडलेली.” मग स्टुलावर बसून बूट काढताना, खालीच बघत, “ज्ञानदाला सांगा, सावकाश आली तरी चालेल. आत्या रविवारी सकाळी लवकर येतेय. जावईही आहेत बरोबर.”