आत्याचा सत्कार आणि तुझं मागचं फाटक

ताईला धाकटीचा नमस्कार. (लांबूनच घे, वाकले की कंबर धरते.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून सगळ्या गल्लीला ऐकवतात? आम्ही इकडे ठीक, म्हणजे जिवंत. पत्र लांबणार आहे, चष्मा लाव. अक्षराला नावं ठेवू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा हात सुईवर बसला, तो पेनाकडे परत वळलाच नाही.

तर आपल्या आत्याचा सत्कार झाला. केला मोटार मंडळाने. मंडळ म्हणजे जुन्या गाड्या पुसत बसणारे रिकामटेकडे. स्वतः एकही चालवत नाही, प्रत्येकाला ड्रायव्हर आहे. त्यांच्या अध्यक्षाला मी भोंगा म्हणते, एकदा वाजायला लागला की हात काढला तरी थांबत नाही. या भोंग्याला कुठून तरी कळलं, की गावात पहिल्यांदा मोटार चालवणारी बाई म्हणजे आपली आत्या, आणि ती अजून आहे. (याचं त्याला जरा वाईटच वाटलं असेल. मेलेल्या बाईचा सत्कार सोपा जातो.) ठरलं असं, की आत्याच्या गळ्यात हार घालायचा आणि तिची गाडी संग्रहालयात काचेमागे ठेवायची, कायमची. आत्याला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्या दादाने परस्पर होकार देऊन टाकला. म्हणे ऐंशीच्या बाईला गाडी कशाला? मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर केस नाहीत, तरी खिशात कंगवा असतोच ना? तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

आत्या भांडली नाही. जेवण सोडून गाडीत जाऊन बसली, स्टिअरिंगवर हात ठेवून, जणू कुणी बाळच हिसकावून नेतंय. मला त्या डबड्याचं काडीचं प्रेम नाही, हे तुला माहीत आहे. दुकानामागची अर्धी जागा त्याने खाल्ली आहे, शिवलेली सीटकव्हरं मी डोक्यावर ठेवू का? शिवाय बायकांनी गाडी चालवून मिळवलं काय? घरचे होतेच, आता रस्त्यावरचेही ओरडतात.

आणि आत्याचा पराक्रम तरी कसला? तुला ठाऊक आहे, पण भोंग्याने भाषणात त्याचं इतकं वाटोळं केलं, की खरं काय ते लिहून जीव मोकळा करते. तिच्या सासऱ्यांचा हुकूम होता, सुनेने गाडी शेडमधून काढावी आणि धुवावी, पुढे एक हातही नेऊ नये. गाडी शेडमध्ये तोंड खुपसून उभी, म्हणजे काढायची ती मागेच. त्यात ही बाई पटाईत झाली. मग एकदा सासूला दम लागला, ड्रायव्हरचा पत्ता नाही. हिने सासूला मागे निजवलं आणि अख्ख्या बाजारातून दवाखान्यापर्यंत गाडी उलटी नेली. सासरे तणतणले, तर ही म्हणते, “मामंजी, पुढे एक हात तरी गेले का?” मान मात्र त्या दिवसापासून जरा उजवीकडे कललेली राहिली. पुढे जायला ती नंतर शिकली. असलं हे ऐतिहासिक कार्य.

सत्काराच्या दिवशी मंडळाने मैदानात फुलांची कमान उभारली. फलकावर चित्र काढलं, त्यात स्टिअरिंगवर आत्याचे यजमान आणि शेजारी आत्या रुमाल हलवतेय! (त्या बापड्याला जन्मात सायकल जमली नाही.) भोंगा तासभर वाजला, ही बाई सदैव पुढेच पाहत आली म्हणून. समोर गाडी न्यायला ट्रक उभा. मी आपली गाडीत मागच्या सीटवर, उसवलेलं कव्हर टाचत होते, काचेमागे आपलं काम फाटकं दिसायला नको. तेवढ्यात आत्या म्हणाली, चष्मा सीटखाली राहिलाय, बघते. आत शिरली, दार ओढलं आणि गाडी सुरू! पुढे ट्रक, ट्रकपुढे दादा हात पसरून. आत्याने मान फिरवली आणि सुटली की मागे! कमान टपावर आली, फलक फरपटत निघाला, माझ्या हातात सुई, तोंडात दोरा. मी ओरडले, आत्या, थांब! ती म्हणते, “डोकं खाली घाल गं भोपळे, रस्ता दिसत नाही.”

मंडळ पाठलाग करणार होतं. पण फोटोसाठी सगळ्यांनी गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या केल्या होत्या, आणि ड्रायव्हर गेले होते चहाला. मागे घेणं एकालाही येईना. दोघे एकमेकांवर आदळले, भोंगा हौदात गेला. हसले नाही मी. फार.

भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. गाडी सध्या माझ्या मैत्रिणीच्या, त्या गाड्या रंगवणाऱ्या रंगारणीच्या गोदामात ताडपत्रीखाली आहे. दादा वास काढत फिरतोय. तुझ्याकडे आला तर चहा दे, उत्तर देऊ नकोस.

ता. क. तुझ्या मागच्या शेडमधली लाकडं आजच्या आज काढ. गाडी आता तिथे राहील, आणि आत्याही.

ता. क. त्या दिवशी आत्याची मान पुरती मागे अडकली, पुढचं काही दिसत नाही. म्हणून मीच चालवणार आहे. हसू नकोस. गेलं वर्षभर ती मला दुकानामागे शिकवतेय, पण तिथे जागाच तेवढी, शेडमधून बाहेर काढण्यापुरती. रविवारी मागचं फाटक सताड उघडं ठेव, आणि आधी गाडीची पाठ दिसली तर किंचाळायचं नाही, बाजूला व्हायचं.